व्हिडिओ गेम व प्रताधिकार (लहान निर्माते)

एकट्याने किंवा दोन-चार जणांनी मिळून, मोठ्या प्रकाशकाच्या भांडवलाशिवाय तयार केलेल्या व्हिडिओ गेमवर निर्मात्याचा असणारा कायदेशीर हक्क आणि त्या हक्काच्या मर्यादा, हा या नोंदीचा विषय आहे. अशा गेमना इंडी गेम म्हणतात. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये व्हिडिओ गेम असा वेगळा वर्ग नाही. गेमचे घटक सुटे करून पाहावे लागतात : संगणकाचा कोड साहित्यकृतीत मोडतो, पात्रे व पार्श्वभूमी कलाकृतीत, धून संगीतकृतीत, संवाद पुन्हा साहित्यकृतीत. गेमच्या नावाचे रक्षण प्रताधिकाराने होत नाही. त्यासाठी व्यापारचिन्हाचा कायदा आहे. कृती निर्माण होताच प्रताधिकार आपोआप लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाल्यास नोंदणीचा दाखला पुराव्याला उपयोगी पडतो.

खेळाचा नियम किंवा कल्पना कोणाच्याही मालकीची होत नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातील कलम १०२(ब) मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. तो वाद एक नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्यातील होता. कल्पना सर्वांची, तिची मांडणी ज्याची त्याची, असा त्याचा सारांश. कादंबरीत ही रेषा ओढणे तुलनेने सोपे असते. गेममध्ये ते फार अवघड जाते, कारण खेळणाऱ्याला आवडते ती बहुधा नियमांचीच गुंफण, आणि निर्मात्याचे महिनोन्‌महिने खर्ची पडतात तेही त्या नियमांवरच.

अमेरिकी न्यायालयांनी ही रेषा हळूहळू आखत नेली. १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’च्या वतीने अटारीने ‘के. सी. मंचकिन’ या गेमविरुद्ध दाद मागितली. भुलभुलैया, टिपके गिळणे व पाठलाग या गोष्टी कोणालाही वापरता येतील, पण तोंड उघडमीट करणारे ते गोल पात्र आणि त्यामागे लागलेली भुते यांचे रूप उचलता येणार नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. पुढची काही वर्षे कौल बहुतांशी नक्कल करणाऱ्यांच्या बाजूने गेला. कराटेच्या किंवा मारामारीच्या गेममध्ये लाथा-बुक्के येणारच, ती कोणा एकाची निर्मिती नव्हे, असे न्यायालये म्हणत. २०१२ मध्ये ‘टेट्रिस’च्या मालक कंपनीने ‘मिनो’ या आयफोन गेमविरुद्धचा खटला न्यू जर्सीत जिंकला आणि वारे फिरले. नियम मोकळे आहेत हे वाचून आपण नक्कल केली, असे ‘मिनो’च्या कंपनीने उघडपणे मान्य केले होते. न्यायालयाने दोन्ही पडदे शेजारी ठेवून पाहिले. वीस बाय दहाचा पट, ठोकळ्यांचे आकार व रंग, ठोकळा कुठे पडेल हे दाखवणारी त्याची फिकट छाया हे सगळे जसेच्या तसे होते. तोच नियम वेगळ्या रूपात मांडता आला असता, मग हेच रूप का घेतले, या प्रश्नाला बचाव पक्षाकडे पटणारे उत्तर नव्हते.

लहान निर्मात्यांच्या दृष्टीने याच वर्षीचा ‘ट्रिपल टाउन’चा खटला अधिक जवळचा आहे. स्प्राय फॉक्स ही अगदी छोटी कंपनी. तिच्या गेममध्ये गवताचे तीन तुकडे जुळले की झुडूप होते, तीन झुडपांचे झाड, तीन झाडांची झोपडी. मध्येच अस्वले येऊन जागा अडवतात. हा गेम दुसऱ्या एका मंचावर नेण्यासाठी सिक्सवेव्हज या कंपनीशी बोलणी सुरू होती. ती फिसकटली आणि थोड्याच काळात सिक्सवेव्हजकडून ‘यती टाउन’ बाजारात आला. कुरणाच्या जागी बर्फ, अस्वलाच्या जागी यती, बाकी चढती भाजणी तीच. खटला प्राथमिक टप्प्यावरच फेटाळावा, ही सिक्सवेव्हजची मागणी न्यायालयाने अमान्य केली. पात्रांचे कपडे बदलले म्हणून नक्कल नाहीशी होत नाही, असा या आदेशाचा रोख होता. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये तडजोड होऊन ‘यती टाउन’ची मालकी स्प्राय फॉक्सकडे आली. प्रकाशकाला गेम दाखवण्याआधी गोपनीयतेचा करार करून घ्यावा, हा सल्ला सगळेच देतात. या प्रकरणाने त्याचे मोल दिसले.

सगळ्यांना असा न्याय मिळत नाही. ‘थ्रीज’ हा आकड्यांच्या फरशा सरकवण्याचा गेम तिघांनी सुमारे चौदा महिने खपून घडवला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एक आणि दोन मिळून तीन, मग तीन आणि तीन मिळून सहा, आणि प्रत्येक आकड्याला आपला चेहरा व आवाज. पुढच्याच महिन्यात इटलीतील गाब्रिएले चिरुल्ली या तरुणाने ‘२०४८’ हा गेम फावल्या वेळात, एका शनिवार-रविवारात रचून फुकट वापरायला दिला आणि त्याचा कोडही सर्वांना खुला केला. तो आधीच्या एका नकलेवरून स्फुरला होता. जगभर माहीत झाला तो ‘२०४८’; अनेकांना ‘थ्रीज’च त्याची नक्कल वाटू लागली. मूळ निर्मात्यांनी खटला भरला नाही. त्यांनी आपापसातील शेकडो ईमेल प्रसिद्ध करून गेम कसा घडला, कोणते नियम करून पाहिले व का टाकले, हे लोकांपुढे ठेवले. चिरुल्ली यांनी कायदा मोडला नव्हता. चेहरे, आवाज, चित्रे यांतले काहीच उचलले नव्हते. तरीही ‘थ्रीज’च्या निर्मात्यांचे दुःख खरे होते. साधेपणा साधण्यासाठी केलेले कष्ट कायद्याला दिसत नाहीत, आणि गेम जितका साधा तितकी नक्कल सोपी. मात्र नियमांवर मालकी दिली, तर पहिला फटका लहान निर्मात्यांनाच बसेल, कारण जुन्या नियमांत थोडी भर घालूनच त्यांचे बहुतेक गेम तयार होतात आणि मोठ्या कंपनीच्या वकिलांशी लढण्याची ताकद त्यांच्याकडे नसते.

भारतातील महत्त्वाचा निकाल कोलकात्याच्या अगरवाला बंधूंच्या ‘स्क्रॅब्युलस’वरचा आहे. फेसबुकवर गाजलेल्या या शब्दखेळाविरुद्ध ‘स्क्रॅबल’ची हक्कदार मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने पट व नियमांवरील प्रताधिकाराचा दावा मान्य केला नाही, पण नाव व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते असल्याने ते वापरण्यास मनाई केली. गेम ‘लेक्झुलस’ या नावाने सुरू राहिला. नाव आधीपासून वेगळे निवडले असते, तर या निकालात बंधूंचे फारसे काही गेले नसते.

प्रत्यक्षात लहान चमूंचे अधिक नुकसान बाहेरच्या नकलेपेक्षा आतल्या तोंडी व्यवहाराने होते. याबद्दल मात्र कमीच बोलले जाते. कॉलेजातले चार मित्र गेम करतात. एक कोड लिहितो, दुसरा चित्रे काढतो, तिसरा धून बसवतो, आणि पैसे आल्यावर मालक कोण हे कोणालाच सांगता येत नाही. भारतीय कायद्यानुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. सुटे काम करणाऱ्याने लिहिलेला कोड किंवा रचलेले संगीत, वेगळा लेखी करार नसेल तर, त्याचेच राहते. पैसे चुकते केले एवढ्याने हक्क हस्तांतरित होत नाही. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी व सहीनिशी लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत. पहिल्याच दिवसापासून जगभर विकल्या जाणाऱ्या गेमसाठी हे दोन रिकामे रकाने घातक ठरतात.

उसनवार घेतलेल्या सामग्रीचा प्रश्न मराठी निर्मात्याला लगेच भिडतो. पुराणकथा व लोककथा सर्वांच्या आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम हिंदू पुराणकथांच्या आधारानेच उभा आहे. पण त्याच कथेवर कोणी काढलेली चित्रकथा किंवा केलेली मालिका सर्वांची नसते. भारतात लेखक, कवी व संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतरच्या साठ वर्षांपर्यंत टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून खुले आहे. ‘गीतरामायणा’चे शब्द गेममध्ये घ्यायचे तर ग. दि. माडगूळकर (मृत्यू १९७७) यांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत चालतो आणि सुधीर फडके (मृत्यू २००२) यांच्या चालींचा २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क याहून वेगळा असतो व त्याची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून ‘जुने गाणे आहे, चालेल’ हे उत्तर पुरेसे नाही. शब्द, चाल व मुद्रण असे तीन हिशेब करावे लागतात. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या चित्रांचे व आवाजांचेही तसेच आहे. सीसीझिरो परवान्याची सामग्री अटींविना वापरता येते, तर काही परवान्यांत श्रेय देणे आवश्यक असते आणि काहींत विक्रीला बंदी असते. प्रत्येक फाइलसोबत तिचा परवाना व ती मिळाल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय नंतर फार वाचवते.

दुसऱ्याच्या गाजलेल्या पात्रांवर प्रेमापोटी केलेले गेम फुकट वाटले तरी सुरक्षित नसतात. ‘मेट्रॉइड २’ची एका चाहत्याने केलेली नवी आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये निन्टेन्डोच्या सूचनांनंतर उतरवावी लागली, तिच्यामागे अनेक वर्षांचे काम होते.

आपली नक्कल दिसली तर खटल्याआधी बहुतेक जण मंचाकडे तक्रार करतात. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली नोटीस दिली की मंच मजकूर काढून टाकतो. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तक्रारदार न्यायालयात गेला नाही, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत तो परत ठेवला जातो. भारतात २०१३ च्या नियमांनुसार मंचाने ३६ तासांत कारवाई करायची असते आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास मजकूर पुन्हा खुला करता येतो. तक्रार नेमकी हवी : ‘आमच्यासारखा गेम आहे’ असे लिहून उपयोग होत नाही, कोणते चित्र, कोणती धून, कोणता मजकूर उचलला हे पडद्याच्या चित्रांसह दाखवावे लागते. त्यासाठी कोडच्या बदलांचा तारखांसह इतिहास, कच्ची रेखाटने व जुन्या आवृत्त्या जपलेल्या असाव्यात. अमेरिकेत कायद्याने ठरवलेली भरपाई व वकिलाचा खर्च मागायचा असेल, तर नक्कल होण्याआधी किंवा प्रसिद्धीपासून तीन महिन्यांच्या आत तिथे नोंदणी झालेली असावी लागते. परदेशी निर्मात्यालाही ही अट लागू आहे.