वाळूचा झोत: एक कर्नल, अडीच लाख थडगी आणि आमची गच्ची

आजचा भाग एका गंजलेल्या शिलाई मशीनपासून सुरू होतो आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातून फिरून परत आमच्या गच्चीवर येतो. मध्ये तुमची-माझी जीन्सही येणार आहे. इअरफोन नीट लावा.

तर झालं असं. आजीचं पायानं चालवायचं शिलाई मशीन गावाहून पुण्याला आणलं. खालचा बिडाचा स्टँड, पायटा, मोठं चाक, सगळ्यावर गंजाचा थर आणि जुन्या रंगाचे पापुद्रे. पॉलिश पेपरनं घासायला बसलो, तर त्या नक्षीच्या खाचांमध्ये बोटच जाईना. दोन रविवार गेले आणि एक पायटाही पूर्ण झाला नाही. मग यूट्यूबवर एक बंदूक दिसली. खाली डबा, डब्यात वाळू, मागून कंप्रेसरची हवा. ट्रिगर दाबला की गंज गायब. किंमत हजार-बाराशे. मी इंजिनिअर माणूस, कार्टमध्ये टाकायला किती वेळ लागणार?

कंप्रेसर मित्राकडून आणला. वाळू म्हणून दुकानदारानं २५ किलोची गोणी दिली, वर छापलेलं होतं ‘सिलिका सँड’. म्हणाला, सगळे हीच नेतात. तोंडाला रुमाल, डोळ्यांना बाइकचा गॉगल, आणि गच्चीवर चाळीस मिनिटं काम केलं. पायटा खरंच राखाडी, कोरा निघाला. मी खूश. गच्चीवर मात्र पिठासारखी पांढरी धूळ पसरली होती. मी आंघोळीला गेलो आणि आईनं ती केरसुणीनं झाडून काढली. कोरडीच.

‘अरे, कसली रे ही पावडर? केवढा ठसका लागला मला,’ ती म्हणाली. रात्री मी त्या गोणीवरचे दोन शब्द शोधले आणि मग झोप लागली नाही. हा भाग त्या रात्रीपासून तयार होत आला आहे.

आधी मूळ माणूस. बेंजामिन च्यू टिलमन, फिलाडेल्फियाचा, जन्म १८२१. यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला. २६व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीचा कर्नल असताना मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत जखमी झाला. बरा झाल्यावर त्यानं जी पलटण हाती घेतली ती थर्ड युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा नुसता शिपाईगडी नव्हता. लाकडापासून कागदाचा लगदा करायची सल्फाइट पद्धत, जिच्यावर पुढे कितीतरी वर्षं कागद गिरण्या चालल्या, तिचं १८६७ चं पेटंटही त्याचंच. आणि १८ ऑक्टोबर १८७० ला त्याला आणखी एक पेटंट मिळालं, क्रमांक १०८४०८. दगड, धातू, काच कापायची आणि कोरायची नवी रीत: वाफेच्या, हवेच्या किंवा पाण्याच्या जोरावर वाळूचा झोत मारायचा. वाळवंटातल्या वाऱ्यानं खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. गोष्ट छान आहे. झाडावरून सफरचंद पडल्याच्या गोष्टीइतकाच तिच्यावर विश्वास ठेवा.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोह्स मापावर ७. कोरंडम, म्हणजे माणिक-नीलमाच्या जातीचा दगड, ९. शाळेत शिकलो की कठीण वस्तू मऊ वस्तूला ओरखडते. पण टिलमननं पुरेसा वेग दिल्यावर ७ वाली वाळू ९ वाल्या दगडाला भोक पाडायला लागली. आणि उलट बाजूला रबर, कागद, अगदी लेसचं कापड मात्र त्या झोतात तगून राहत होतं! कारण काच किंवा दगड ठिसूळ असतात. कणाचा ठोसा बसला की जिथल्या तिथे कपची उडते. रबर दबतं, ठोसा पचवतं, कणाला परत फेकतं. म्हणून काचेवर लेस ठेवून हलका झोत मारला की लेसची नक्षी काचेवर उमटते. लॉजच्या बाथरूमची धुरकट काच, ट्रॉफीवरचं कोरलेलं नाव, या सगळ्याचं मूळ इथे आहे.

आता थडगी. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींमध्ये लाखो सैनिक पुरलेले होते आणि बहुतेकांच्या डोक्याशी लाकडाच्या फळ्या. त्या कुजायच्या, पुन्हा रंगवाव्या लागायच्या. १८७३ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायमच्या दगडांसाठी दहा लाख डॉलर मंजूर केले. पण अडीच लाखांच्या आसपास संगमरवरी दगड, प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळं राज्य. छिन्नी-हातोड्यानं कोरायचं म्हटलं तर कारागिरांची पिढी खपली असती. हे काम व्हरमाँटमधल्या संगमरवराच्या कारखान्यात झालं, आणि झालं ते टिलमनच्या झोतानं. दगडावर धातूची अक्षरं ठेवायची, सभोवती ढालीचा आकार मोकळा सोडायचा आणि झोत मारायचा. मोकळा भाग खाली खचतो, अक्षरं वर उठून राहतात. त्या काळातल्या थडग्यांचे फोटो बघा. खचलेली ढाल आणि तिच्यात उठलेलं नाव, अगदी ओळखू येतं.

काही दगडांवर नावाखाली चार अक्षरं आहेत: यू. एस. सी. टी. म्हणजे युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स. ज्या माणसानं अशी पलटण युद्धात चालवली, त्याच्याच यंत्रानं पुढे त्या फौजेतल्या माणसांची नावं दगडात उतरवली. पुस्तकात हे एका ओळीत येऊन जातं. मी मात्र तिथे बराच वेळ थांबलो होतो.

इथून पुढे धंदा पसरला. टिलमनच्या नावाची कंपनी इंग्लंडमध्ये निघाली, ओतकामाच्या भट्ट्यांनी ही रीत उचलली. बिडाचा भाग साच्यातून निघतो तेव्हा त्याला साच्याची वाळू चिकटलेली असते. ती काढायला झोतासारखं दुसरं काही नाही. टिलमननंच पुढे वाळूऐवजी लोखंडाच्या टणक गोळ्या वापरायची सोय केली, तीही १८७० च्याच दशकात. कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत ज्याला ‘शॉट ब्लास्टिंग’ म्हणतात, त्याचा पणजोबा हाच. म्हणजे सुरक्षित पर्याय जवळजवळ जन्मापासून हजर होता. पण वाळू फुकटाच्या भावात मिळते, गोळ्यांना पैसे पडतात. त्यामुळे वाळू चालूच राहिली.

आणि कामगार खोकायला लागले.

हे नीट समजून घ्या, कारण घरी बंदूक घेणाऱ्याला हेच माहीत नसतं. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत लोळलात तर फुप्फुसाला काही होत नाही. तो कण मोठा असतो, नाकातच अडकतो. पण झोतातली वाळू लोखंडावर आपटून फुटते. तिचे काही मायक्रॉनचे तुकडे होतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. हे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात. तिथे आपल्या सफाई कामगार पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात. पुन्हा नव्या पेशी येतात, त्याही मरतात. त्या जागी व्रण तयार होतो. ताज्या फुटलेल्या कणाच्या कडा जुन्या कणापेक्षा जास्त घातक असतात. हा सिलिकोसिस. औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढे सरकू शकतो, वर टीबीचा धोका वाढतो. आम्ही याला म्हणू, रोलबॅक नसलेलं डिप्लॉयमेंट.

ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी ओतकाम साफ करायच्या झोतात वाळू वापरणं बंद केलं. अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारी संशोधन संस्था नायॉशनं सिलिका वाळूवर बंदीची शिफारस केली, पण ती शिफारसच राहिली. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं सिलिकोसिसची नोंद सक्तीची केली होती. पण माझी गच्ची कुठे फॅक्टरी आहे? तिथे इन्स्पेक्टर येत नाही. गोणी विकणाराही काही विचारत नाही.

आणि आता जीन्स. २००० च्या दशकात मांडीवर फिकट पट्टा असलेल्या जीन्सची लाट आली होती, आठवतं? माझ्याकडे मामेभावाची एक आली होती, ती मी विटेपर्यंत घातली. असा फिकेपणा आणायची एक स्वस्त रीत म्हणजे कापडावर वाळूचा झोत. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या बंदिस्त, नोंदणी नसलेल्या खोल्यांमध्ये पूर्वेकडच्या गावांतून आलेली पोरं हे काम करत. काही तर पंधरा-सोळा वर्षांची. फाउंड्रीत हा आजार व्हायला साधारण दहा-वीस वर्षं लागतात, इथे दोन-चार वर्षांत पोरं धापा टाकायला लागली. बिंगोल प्रांतातल्या ताशलीचाय या एकाच गावातले कितीतरी तरुण या आजाराने धरले गेले. आधी अनेकांवर टीबी समजून उपचार झाले. कपडे शिवणाऱ्या माणसाला खाणकामगाराचा आजार कसा होईल, अशी शंका कोण घेणार? डॉक्टरांनी निबंध लिहिले, आजारी कामगारांनी स्वतः आंदोलन केलं, आणि २००९ मध्ये तुर्कस्ताननं कापडावरच्या वाळूच्या झोतावर बंदी घातली. पुढच्या वर्षी लिव्हाइस आणि एचअँडएम यांनीही आपल्या मालासाठी ती पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे १९४९ मध्ये एका देशात कळलेली गोष्ट दुसऱ्या देशात, दुसऱ्या धंद्यात, साठ वर्षांनी माणसं गमावून पुन्हा शिकावी लागली. मला राग याचा येतो की माहिती गुप्त नव्हती. ती लायब्ररीत होती. माझ्या बाबतीत तर खिशातल्या फोनमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘एका दुपारीनं सिलिकोसिस होत नाही, घाबरू नकोस. पण ती गोणी आजच्या आज बाहेर काढ. आणि काकूंना केरसुणी देऊ नकोस.’ गच्ची पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यानं पुसली. मी पुसली. आई दारात उभी राहून बघत होती. ‘आधी विचारायचं होतंस ना रे,’ एवढंच म्हणाली.

मग आता घरी काय करायचं? बंदूक मी टाकली नाही. यंत्र चांगलंच आहे. बदलली ती आतली भरड आणि बाहेरची पेटी. वाळूऐवजी गार्नेट, जो तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सापडतो, किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड. नाजूक, चकचकीत भागांना काचेचे मणी. फारच मऊ धातूला खायचा सोडा. हसू नका. १९८० च्या दशकात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची दुरुस्ती झाली तेव्हा आतल्या तांब्यावरचं डांबर काढायला सोड्याचाच झोत वापरला होता, कारण तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा.

पेटी म्हणजे प्लास्टिकचा मोठा स्टोअरेज बॉक्स. दोन भोकं, त्यात रबरी हातमोजे, वर काच, आत दिवा, बाजूला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. तरीही तोंडावर पी३ फिल्टरचा मास्क, कारण पेटी कुठे ना कुठे गळतेच. रुमाल मात्र शोभेचा. आणि जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा ती धूळ कुंडीत टाकू नका.

हवेचं गणितही सांगतो, कारण इथे सगळे फसतात. बंदुकीच्या आत हवेचं भोक २ मिलिमीटरचं असलं तरी ६ बारला मिनिटाला दोनशे-अडीचशे लिटर हवा जाते. २४ लिटरच्या टाकीचा छोटा कंप्रेसर प्रत्यक्षात शंभरच्या आसपास देतो. म्हणजे अर्धा मिनिट झोत, मग मिनिटभर वाट. भोक झिजून ४ मिलिमीटर झालं तर हवा चौपट लागते, आणि मग बंदूक नुसती शिंकते. पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं, भरड ओली होऊन अडकते, तेव्हा पाणी काढायचा फिल्टर हवाच. थोडक्यात, पायटा, कड्या, बोल्ट, बिजागऱ्या एवढं घरी होतं. अख्खा स्टँड होत नाही.

स्टँड मी भोसरीला एका शॉट ब्लास्टिंगवाल्याकडे दिला. तिथे बंद कपाटासारखं यंत्र, आत फिरणारं चाक लोखंडी गोळ्या फेकतं, धूळ पाइपानं बाहेर. दहा मिनिटांत काम झालं. तिथल्या काकांना मी टिलमनची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘आधी आम्ही पण वाळूच मारायचो. माझा मोठा भाऊ करायचा.’ भाऊ आता काय करतात, ते मी विचारलं. त्यांनी यंत्राचं दार उघडलं, स्टँड बाहेर काढला आणि म्हणाले, ‘आजच प्रायमर मारा. रात्रभर ठेवलात तर पुन्हा गंज धरेल.’