तळटीप : आईकडून येणारा मधुमेह आणि हृदयाचा स्नायू

* येथे अभिप्रेत असलेला मधुमेह मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधील दोषाने होतो. बहुतेकदा ३२४३ व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ आलेला असतो. मधुमेह आणि बहिरेपणा यांच्याशी त्याचा संबंध १९९२ मध्ये दाखवला गेला. दोष आईकडूनच येतो. हृदयाच्या स्नायूला क्षणाचीही उसंत नसते आणि त्याची जवळजवळ सारी ऊर्जा मायटोकॉन्ड्रियाच पुरवतात. ती कमी पडली की डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, पुढे आकुंचन क्षीण होते, काहींत ठोक्यांची लय बिघडते. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हे घडू शकते, म्हणून ‘साखरेने हृदय गेले’ एवढ्यावर थांबणे घातक आहे. धार जिल्ह्यातल्या सरदारपूरसारख्या तालुक्याच्या गावी जनुकीय तपासणी हाताशी नसते. पण सडपातळ, तरुण मधुमेहीला ‘आईला, मामाला, मावशीला कमी ऐकू येतं का? त्यांनाही साखर आहे का?’ हे विचारायला यंत्र लागत नाही. उत्तर ‘हो’ आले तर ईसीजी आणि इको करून घ्यावेत. अशा रुग्णांत लॅक्टिक आम्ल वाढण्याच्या धोक्यामुळे मेटफॉर्मिन शक्यतो टाळतात; मात्र चालू गोळी वाचकाने स्वतःहून बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. — संपादक