आधी कापड, मग डाग

डाग काढायचा म्हणजे साबण लावून घासायचे, ही समजूत आज इतकी मुरली आहे की साबणाची वडी घरोघरी पोचण्याआधीचे धुणे आपल्याला केवळ दगडावरची आपटाआपट वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. परटाच्या कामामागे पक्के ज्ञान होते आणि त्यातला पहिला प्रश्न डाग कसला हा नव्हता, तर कापड कसले, हा होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर खाऱ्या मातीने, लोकरीच्या विशिष्ट घोंगड्या रिठ्याने, तर क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने साफ करायला सांगितले आहे. या ग्रंथातले पुष्कळसे त्याज्य आहे, पण इथे तो तत्कालीन व्यवहाराचा साक्षीदार आहे. कोणी म्हणेल, हा शुद्धीचा विधी आहे, स्वच्छतेचा नव्हे. मात्र केवळ विधीच असता तर सगळ्या वस्त्रांना एकच पाणी पुरले असते; धाग्यागणिक द्रव्य बदलण्याचे कारण उरले नसते. रेशमाला खारी माती हे आजच्या वाचकाला खटकेल, कारण रेशीम आणि लोकर ही प्रथिने असून तीव्र खारात ती विरतात. पण कच्च्या रेशमावरचा डिंक सौम्य खारानेच सुटतो. रिठ्याला तर खाराची गरजच नसते, त्याचा फेस लोकरीला जपून मळ काढतो.

सुती कापड खार सोसते, म्हणून परटाची भट्टी त्याच्यासाठी. खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे रचून त्यांना वाफ दिली की तेलातुपाच्या डागाचा काही भाग खाराशी मिळून साबणच बनतो. मळ सैल करण्याचे मुख्य काम या वाफेचे. दगडाचे काम त्यानंतरचे. हळदीपुढे मात्र भट्टी थकते. खार लागताच हळदीचा डाग लाल होतो, तो विटवायला ऊनच लागते. रक्ताचे उलटे आहे: ते गार पाण्यातच भिजवावे लागते, कारण गरम पाण्याने त्यातले प्रथिन गोठून धाग्याला धरून बसते. न जाणारा डाग कसा पडतो, हेही परीट ओळखून होता. गिऱ्हाइकांचे कपडे ओळखण्यासाठी तो बिब्ब्याच्या रसाने खूण करी आणि ती भट्टीतून निघूनही टिके. याच उपयोगामुळे इंग्रजांनी बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ म्हटले.

आपटल्याने कापड झिजते, हा आक्षेप खोटा नाही. पण ती चिंता फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात रजकाने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावे, अन्यत्र धुतल्यास नुकसानभरपाईसह सहा पण दंड भरावा, असा नियम आहे. खडबडीत दगड हा तेव्हाही दोषच मानला जात होता. याहून जड आक्षेप असा, की जे काम जातीने गळ्यात बांधले त्याला ज्ञान म्हणून गौरवायचे कसे? परीट बलुतेदार होता, सुगीला धान्य मिळे, आणि ज्या कपड्यांना घरचे लोक विटाळ म्हणून हात लावत नसत तेही त्याच्या वाट्याला येत. ही सक्ती अन्यायाचीच होती. पण तिच्यामुळे त्या हातांतले कसब अज्ञान ठरत नाही. उलट, कसब वापरून घेत करणाऱ्याला हीन लेखणे, हा त्या अन्यायाचाच दुसरा भाग होता.

पुढे 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये निरमा आली. सगळ्या धुण्याला एकच पूड पुरेल, असे वाटू लागले. त्यानंतर रक्त-दुधाचे डाग फोडण्यासाठी प्रथिने पचवणारी विकरे धुण्याच्या पुडीत मिसळली जाऊ लागली. ती डागातले प्रथिन आणि धाग्यातले प्रथिन यांत फरक करत नाहीत. म्हणून अशा पुडीच्या पाकिटावर रेशीम आणि लोकर यात धुऊ नये, अशी सूचना छापावी लागते.