डॉक्टरांचा ‘हँडओव्हर’: पाळी बदलताना रुग्णाची माहिती कशी सोपवतात?

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाकडे चोवीस तास लक्ष द्यावे लागते. एकच डॉक्टर तेवढा वेळ जागा राहू शकत नाही. म्हणून ड्युटी संपवणारा डॉक्टर पुढच्या डॉक्टरकडे रुग्णांची माहिती आणि जबाबदारी सोपवतो. याला ‘हँडओव्हर’ म्हणतात. रुग्णाला ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूमध्ये किंवा आयसीयूमधून वॉर्डात हलवतानाही हँडओव्हर होतो.

याकडे लक्ष का गेले?

अमेरिकेत 2003 साली निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. थकव्यामुळे होणाऱ्या चुका कमी व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू. पण तास कमी झाले तशा पाळ्या वाढल्या आणि एकच रुग्ण अधिक हातांतून जाऊ लागला. प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचे राहून जाण्याची शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले, त्यांत हँडओव्हरच्या वेळच्या संवादाचाही समावेश होता.

नेमकी चूक कुठे होते?

माहिती सांगितलीच नाही, असे दर वेळी नसते. सांगणाऱ्याला वाटते की समोरच्याला समजले, आणि तिथेच गडबड होते. शिकागो विद्यापीठातील बालरोग विभागाच्या इंटर्न डॉक्टरांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाबद्दलची सर्वांत महत्त्वाची बाब 60 टक्के वेळा पुढच्या डॉक्टरपर्यंत पोहोचलीच नव्हती. सांगणाऱ्यांना मात्र ती पोहोचली असेच वाटत होते.

घाई, मध्येच वाजणारा फोन, वॉर्डातला गोंगाट यांमुळे ही अडचण वाढते. शिवाय दिवसभर रुग्णाला पाहिलेल्या डॉक्टरला ज्या गोष्टी उघड वाटतात, त्या नव्याने आलेल्या डॉक्टरला माहीतच नसतात.

‘आय-पास’ पद्धत

यावर अनेक ठरावीक पद्धती निघाल्या. ‘एसबार’ ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. डॉक्टरांच्या हँडओव्हरसाठी विशेष अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे ‘आय-पास’. तिचे पाच भाग आहेत.

समजा, डेंग्यूच्या रुग्णाबद्दल दिवसपाळीचा डॉक्टर जाताना एवढेच म्हणाला: “आठ नंबरचा डेंग्यू, ताप उतरलाय, रात्री प्लेटलेट बघा.” ऐकणाऱ्याला वाटेल, रुग्ण सुधारतो आहे. पण डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सर्वांत धोक्याचे असू शकतात. हीच माहिती ‘आय-पास’नुसार अशी दिली जाईल:

1. आजाराची तीव्रता: रुग्ण आत्ता स्थिर आहे, पण लक्ष ठेवायला हवे.
2. थोडक्यात माहिती: आजाराचा पाचवा दिवस, ताप आज सकाळी उतरला, सलाईन सुरू आहे, पोट दुखते म्हणतो.
3. करायची कामे: रात्री 9 वाजता रक्ताचा रिपोर्ट पाहायचा, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण तपासत राहायचे.
4. पुढे काय होऊ शकते: पोटदुखी वाढली, रक्तस्राव झाला किंवा रक्तदाब घसरला तर लगेच वरिष्ठांना बोलवायचे.
5. ऐकणाऱ्याने परत सांगणे: रात्रपाळीचा डॉक्टर हे सारे आपल्या शब्दांत सांगतो आणि शंका विचारतो.

पाचवा भाग वेळेअभावी सहज गाळला जातो. पण सांगणारा आणि ऐकणारा यांच्या समजुतीत फरक राहिला असेल, तर तो इथेच उघड होतो.

फरक पडतो का?

अमेरिका आणि कॅनडातील 9 रुग्णालयांच्या बालरोग विभागांत या पद्धतीचा अभ्यास झाला. त्यात 10,740 रुग्णांच्या दाखल-नोंदी तपासल्या गेल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पद्धत सुरू केल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि रुग्णाला झालेली टाळता येण्याजोगी इजा 30 टक्क्यांनी कमी झाली. हँडओव्हरला लागणारा वेळ फारसा वाढला नाही. तो प्रत्येक रुग्णामागे सुमारे अडीच मिनिटेच राहिला.

केवळ पाच मुद्द्यांचा तक्ता भिंतीवर लावून हे झाले नव्हते. डॉक्टरांना प्रशिक्षण दिले होते, लेखी नोंदीचा ठरावीक नमुना होता आणि वरिष्ठ डॉक्टर हँडओव्हर प्रत्यक्ष पाहून सूचना देत होते.

आपल्याकडे काय?

भारतात रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या निकषांतही पाळी बदलताना रुग्णाची माहिती देणे आणि तिची नोंद ठेवणे अपेक्षित आहे. मात्र अडीच मिनिटांचा हिशेब धरला तरी 40 रुग्णांच्या वॉर्डाला 100 मिनिटे लागतील. अशा ठिकाणी निदान गंभीर रुग्णांपासून सुरुवात करून त्यांच्याबाबत पाचही भाग पाळणे आणि बाकीच्यांची लेखी यादी देणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

नातेवाइकांनाही थोडी मदत करता येते. पाळी बदलल्यावर नव्या डॉक्टरांना औषधाची ॲलर्जी, यायचा असलेला रिपोर्ट आणि दिवसभरात जाणवलेला बदल पुन्हा सांगावा. “हे केस पेपरवर असेलच” असे गृहीत धरू नये.