रंगाची वेळ

वऱ्हाडचा कापूस अमरावती-अकोल्याच्या बाजारांत आणणाऱ्या बैलगाडीच्या चाकाचा एक क्रम ठरलेला असे. लोखंडी धाव तापवावी, लांकडी चाकावर चढवावी, पाणी ओतून आवळावी, रंग त्यानंतर. आधीं रंगविलेलें लांकूड त्या आंचेंत करपलें असतें.

जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारालाही हाच न्याय लागतो. आरंभींच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणें तैलरंगाचीं अनेक पुटें देत, आणि तीं वाळण्यांत आठवडे जात. १९२४ च्या ओकलंड मोटारीवर ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला व वाळण्याचा प्रश्न तासांवर आला.

परंतु रंग लवकर वाळतो म्हणून तो लवकर द्यावा, असें ठरत नाहीं. गंज काढून, फाटका पत्रा झाळून, दारें व बॉनेट आधीं बसवून पाहावीं. सांधे जुळले कीं पुन्हा सुटीं करून रंगवावीं. घाई केल्यास रंगाखालीं गंज वाढतो आणि जुळवाजुळवींत नव्या रंगाचे टवके उडतात.

वऱ्हाडांत ऋतूचीही संमति लागते. पावसाळ्याच्या दमट हवेंत या रंगावर पांढुरकी झांक येते. अकोल्याच्या वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां फवारा पत्र्यावर पोंचण्यापूर्वींच सुकूं लागतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी त्या मानानें अनुकूल.

मात्र खरा निर्णय पहिल्याच दिवशीं होतो. खरवडण्यापूर्वीं मूळ रंगाचे थर नीट पाहून, एखादा कोपरा तसाच राखावा. गाडीचा तो लेख एकदां पुसला गेला, कीं कोणत्याही कारागिराला तो पुन्हा लिहितां येत नाहीं.