सातवी सीट: लेण्याद्रीच्या पायथ्यावरून दिसलेला गाड्यांचा इतिहास

मागच्या भागात नाणेघाटातला दगडी रांजण आणि सातवाहनांच्या काळातली जकात यावर बोललो होतो. या वेळी पुन्हा जुन्नर तालुक्यातच आहोत, पण दोन हजार वर्षं मागं जायचं नाही. फार तर साठ वर्षं. विषय ऐकून काही जण हसतील: सेकंडहँड सात सीटर गाडी. गेले तीन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीये. गणपतीच्या आसपास आमच्याकडं दुसरं बाळ येणार आहे. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची लेक, गावाकडून आता कायमचे आमच्याकडं राहायला येणारे नाना आणि आई, आणि ते बाळ. सहा जण. दारात उभी आहे ती पाच सीटांची छोटी हॅचबॅक.

आमचं गाव लेण्याद्रीपासून जवळच. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: डोंगराच्या कड्यात कोरलेली तीसेक बौद्ध लेणी, त्यातल्या सातव्या लेण्यात, म्हणजे मूळच्या विहारात, गिरिजात्मज गणपती. अष्टविनायकांपैकी डोंगरावरच्या लेण्यात असलेला हा एकच. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या, चढवत नसेल त्यांना डोली, आणि प्रसादाच्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. पायथ्याला गाड्यांचा तळ. माझ्या मावशीचं तिथं लिंबू सरबताचं दुकान होतं आणि सुट्टीत मी तिच्याकडं असायचो. आम्हा पोरांचा तिथला खेळ म्हणजे गाडी थांबली की आतून किती माणसं उतरतात ते मोजायचं. पैज लागायची. सुमोतून चौदा, क्वालिसमधून बारा. एका ओम्नीतून लहान पोरं धरून तेरा माणसं उतरलेली मी स्वतः मोजली आहेत. शेवटची आजी उतरली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

गाडी शोधायला लागलो तेव्हा हा खेळ आठवला. कारण नानांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "किती मान्सं बसत्यात ते सांग आधी."

आपल्याकडं घरासाठीची मोठी गाडी ही कल्पनाच मुळात उशिरा आली, आणि आली ती मालगाडीच्या मागच्या दारानं. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीन चाकी हॅन्सियाट, नंतर मॅटॅडोर. टेम्पो हा शब्द मराठीत इतका मुरला की आज टाटाची किंवा महिंद्राची मालगाडी असली तरी आपण "टेम्पो आला" असंच म्हणतो. आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणारी मॅटॅडोर हीच पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची पहिली "फॅमिली" गाडी. विकत घेतलेली नव्हे, एका दिवसापुरती मागून आणलेली. सोमवार ते शनिवार भाजी, आणि लग्न असलं की त्याच हौद्यात सतरंजी टाकून वऱ्हाड. नाना तरुणपणी नारायणगावच्या एका व्यापाऱ्याकडं असल्याच गाडीवर ड्रायव्हर होते. माळशेज घाट उतरून मुंबईला भाजी पोचवायची आणि येताना रिकाम्या गाडीत गावची माणसं भरून आणायची. ते सांगतात, माणसांना कांद्याचा वास लागायचा, पण कुणी तक्रार केली नाही, कारण एस.टी.त उभं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

अष्टविनायक यात्रेलाही अशीच गाडी लागायची. आठ देवळं तीन जिल्ह्यांत पसरलेली: पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात, एक नगरमध्ये. एस.टी. बदलत बदलत हे करायचं तर आठवडा जातो. १९७९ साली 'अष्टविनायक' चित्रपट आला आणि घराघरात ही आठ नावं एका माळेत बसली. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर यात्रा दीड-दोन दिवसांत उरकते. १९८७ साली मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेला टेम्पो ट्रॅव्हलर आला. तो आजही लेण्याद्रीच्या तळावर सगळ्यात जास्त जागा अडवून उभा असतो. पण तो ट्रॅव्हल्सवाल्याचा. घरातल्या माणसाचा नाही.

आता १९८४ कडं येऊ, कारण मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात रंजक वर्ष हेच वाटतं. १९८३ च्या शेवटी अमेरिकेत क्रायस्लरनं पहिली मिनीव्हॅन बाजारात आणली. पुढच्याच वर्षी युरोपात रेनॉची एस्पास आली. आणि त्याच १९८४ मध्ये आपल्याकडं मारुती व्हॅन. तिन्ही डब्यासारख्या दिसणाऱ्या. पण क्रायस्लरची गाडी मोटारीच्या सांगाड्यावर, घर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली होती: पुढं बॉनेट, त्यात इंजिन, घरच्या गॅरेजमध्ये मावेल अशी उंची. आपली व्हॅन म्हणजे सुझुकी कॅरी. जपानमध्ये ती छोट्या दुकानदाराची माल पोचवायची गाडी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली, चालक पुढच्या चाकांवर बसलेला. पायाच्या पुढं पत्रा आणि पत्र्यापुढं थेट रस्ता. लांबी जेमतेम ३.३७ मीटर, म्हणून जुन्नरच्या पेठेतल्या बोळातही वळायची, आणि सरकती दारं असल्यानं भिंतीला चिकटून उभी केली तरी माणसं उतरायची. चार वर्षांनी तिचं नाव ओम्नी झालं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळं माझ्या भाषेत सांगतो: एका कामासाठी लिहिलेला कोड आपण दुसऱ्याच कामाला जुंपला. आणि तो चालला. पस्तीस वर्षं चालला.

आमच्याकडं ओम्नी आली २००१ मध्ये, अर्थातच जुनी. आठ सीटवाली, मागच्या सीटा समोरासमोर. सकाळी शाळेची पोरं, दुपारी वडाप, चतुर्थीला जुन्नर-लेण्याद्री-ओझर. पांढऱ्या पाटीवर भाडं मारणं तेव्हाही बेकायदाच होतं, हे कबूल करून टाकतो. २०११ साली महाराष्ट्रात शालेय बसचे स्वतंत्र नियम आले आणि नानांनी शाळेची पोरं बंद केली. तोवर त्या गाडीनं घराचा स्लॅब टाकला होता. माझ्या बी.टेक.ची पहिल्या वर्षाची फीसुद्धा ती विकून आलेल्या पैशांतून भरली. त्यामुळं आमच्या घरी या गाडीबद्दल वाकडा शब्द काढायचा नसतो.

मधल्या काळातल्या गाड्या पटकन सांगतो. १९९४ ला टाटा सुमो, सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन. २००० ला क्वालिस, २००५ ला तिच्या जागी इनोव्हा. या सगळ्या उत्तम, पण घरातल्या माणसानं विकत घ्यायच्या म्हटलं तर महाग, आणि आजही चांगली जुनी इनोव्हा माझ्या बजेटच्या बाहेरच आहे.

मला थांबायचंय ते वर्सापाशी. २००१ मध्ये मारुतीनं खरीखुरी घरगुती मिनीव्हॅन आणून पाहिली. सरकती दारं, मागच्यांसाठी वेगळा एसी, जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन. चालली नाही. मग २०१० मध्ये त्याच वर्साची साजशृंगार काढलेली, लहान इंजिनाची आवृत्ती आली. नाव ईको. सात सीटवालीला तर एसीच नव्हता. आणि ती धो धो खपली! आजही नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला पहाटे जा, मागच्या सीटा काढून क्रेट भरलेल्या ईको दिसतील. घरासाठी म्हणून आणलेला डबा लोकांनी नाकारला, कामासाठी म्हणून आणलेला तोच डबा घेतला आणि त्यात घर बसवलं. आपल्याकडं मोठी गाडी आधी कमावती असावी लागते. नुसत्या कुटुंबासाठी सात सीटा हा खर्च वाटतो.

म्हणूनच नानांना ईको हवी होती. हिशोब बिनतोड होता. जुनी ईको तीन-साडेतीन लाखांत मिळते, गावात कुणीही मेकॅनिक दुरुस्त करतो, सीटा काढल्या की वावरातला माल जातो. "तुझ्या अर्टिगात टोमॅटो घालशील का?"

माझी अडचण वेगळी होती. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, कारण त्या वर्षी ऑक्टोबरपासून समोरून धडक बसल्यावर आतल्या माणसाचं काय होतं याची चाचणी सगळ्याच चालू मॉडेलना लागू होणार होती आणि पुढं बॉनेट नसलेली ती गाडी त्यात बसवणं व्यवहार्य नव्हतं. ईकोची ग्लोबल एनकॅपनं २०१६ मध्ये चाचणी घेतली होती. एअरबॅग नसलेली गाडी होती, तारे मिळाले शून्य. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, शेजारच्याची त्यानंतर. म्हणजे साडेतीन लाखांत जी ईको मिळते ती बहुतेक या तारखांच्या आधीची. हे मी नानांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तुला पुढं बसवून फिरवलं. इंजिनाच्या खोक्यावर. तवा कुणाला ठावं व्हतं?" त्यांना दोष द्यायचा नव्हता, पण तो लागला. त्यानंतर दोन दिवस गाडीचा विषय घरात निघाला नाही.

अर्टिगा २०१२ ला आली, स्विफ्टच्या घरातली. म्हणजे क्रायस्लरनं १९८३ ला जे केलं ते, मोटारीतून सात सीटर बनवणं, आपल्याकडं सामान्य घराच्या आवाक्यात यायला जवळजवळ तीस वर्षं गेली. दुसरी पिढी २०१८ च्या नोव्हेंबरात. दोन एअरबॅग, एबीएस सगळ्याच प्रकारांत. ग्लोबल एनकॅपचे २०१९ मध्ये तीन तारे, पण सांगाडा अस्थिर असा शेरा. माझं बजेट सात लाख. एका डीलरकडं २०१९ ची अर्टिगा मिळाली, भाव संशयास्पद कमी. किलोमीटर कमी, सीटकव्हर कोरी, स्टीअरिंग मात्र तळहातांनी गुळगुळीत झालेलं. जुन्या विम्याच्या प्रती मागितल्या. टाळाटाळ झाली, मग आल्या. दोन वर्षांची पॉलिसी प्रवासी वाहनाची. पिवळ्या पाटीची टॅक्सी पांढरी करून घेतलेली होती. तसं करणं बेकायदा नाही, पण ते लपवलं की किलोमीटरवर विश्वास ठेवायचा कसा? तुम्ही शोधत असाल तर आर.सी. आणि कर्जाची एनओसी सगळेच बघतात, जुन्या विम्याचे कागद जरूर मागा.

मग रेनॉ ट्रायबर. ऑगस्ट २०१९ ची गाडी, चार मीटरच्या आत सात सीटा, २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे. इंजिन एक लिटरचं, माळशेजला भरल्या गाडीनं दमणार हे धरून चाललो. पण तिसऱ्या रांगेच्या सीटा पूर्ण काढता येतात. ही ओळ वाचताना मला नानांचा टोमॅटो आठवला.

खरा पेच त्यानंतर आला. कागदावर सात सीटा आणि माणसं सहा, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. बाळाची सीट मधल्या रांगेत पक्की केली की ती बाजू दुमडता येत नाही. तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या बाजूची सीट दुमडायची आणि वाकून आत शिरायचं. नानांचे गुडघे गेलेत. आई म्हणते मला मागं मळमळतं. बायको बाळंतपणानंतर तिथं वाकून जाणार नाही. ओम्नीच्या काळात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पुरुष पुढं, बायका-पोरं मागं, हे ठरलेलंच होतं. तेरा माणसं मोजताना आम्ही कोण कुठं बसलं होतं ते कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी उरलो मी. पण मी मागं, तर गाडी कोण चालवणार? बायको. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे मी या भागात रेकॉर्डवर सांगतो.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसाची २०२१ ची ट्रायबर बघितली, एकाच मालकाची, एमएच-१४. चाचणीची फेरी म्हणून त्यालाच सोबत घेऊन लेण्याद्रीला गेलो. बायको स्टीअरिंगवर, नाना तिच्या शेजारी. चाकणच्या गर्दीत नाना दोनदा पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. मंचर गेल्यावर थांबले. मधल्या रांगेत आई आणि गाडीचा मालक, शेवटच्या रांगेत मी आणि लेक. माझे गुडघे हनुवटीजवळ. लेक खूश, कारण मागच्या काचेतून तिला सगळे ट्रक दिसत होते.

तळावर उतरलो. नाना डोलीत बसायला तयार नव्हते, त्यामुळं वर कुणीच गेलं नाही. खालूनच कड्याकडं बघून हात जोडले. मावशीच्या दुकानाच्या जागी आता दुसऱ्याचं दुकान आहे, तिथं सरबत प्यायलो. मग नाना गाडीच्या मागं गेले, डिकी उघडली आणि मालकाला म्हणाले, "सीट काढायला किती नंबरचा पाना लागतो?" त्यानं पान्याशिवायच काढून दाखवली. नानांनी ती उचलून वजन पाहिलं, जमिनीवर ठेवली, रिकाम्या जागेत वाकून वितीनं लांबी-रुंदी मोजली.

"वीस किलोचे क्रेट," ते म्हणाले, "धा तर सहज."

परवा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या.