सामान्य शिक्षणाचे प्रयोजन : परळ, १९२४

विद्यापीठातील सामान्य शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा विषयांच्या यादीपाशी थांबते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने थोडे विज्ञान आणि विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने थोडे साहित्य वाचावे, एवढाच तिचा आशय उरतो. हे शिक्षण कोणाकोणाला समाईक असावे, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. मुंबईत तो १९२४ साली परळमधून विचारला गेला होता.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते. त्याच्या अभ्यासक्रमामागे उदारमतवादी शिक्षणाची कल्पना होती. परंतु परीक्षा हेच ज्ञानाचे प्रमाण ठरल्यामुळे साहित्यकृतीचे वाचनही प्रश्नोत्तरांच्या तयारीत रूपांतरित झाले. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठी वगळली गेली. परिणामी मनाचा विस्तार करू पाहणारे हे शिक्षण पदवीधराला भोवतालच्या समाजापासून दूरही नेऊ लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. वसतिगृहे, वाचनालये व अभ्यासवर्ग काढणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला लेखी निवेदन दिले. विद्यार्थ्याच्या मनात माहिती व सिद्धान्त भरण्यापेक्षा त्याचे स्वतंत्र व्यक्तित्व जागे करणे, त्याला स्वतः विचार करावयास लावणे हे विद्यापीठीय अध्यापनाचे कार्य होय, अशी त्यातील भूमिका आहे. पदवीपूर्व अध्यापन संशोधनापासून तोडण्यास त्यांचा विरोध होता. उच्च शिक्षण गरजूंच्या व गरिबांच्या दारापर्यंत नेणे हेही त्यांनी विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य मानले.

सभेची उद्दिष्टे आणि हे निवेदन एकत्र वाचली पाहिजेत. पहिली संहिता शिक्षणाची भौतिक पूर्वअट सांगते : बसावयास जागा, वाचावयास पुस्तक, राहावयास वसतिगृह. दुसरी त्याचे बौद्धिक प्रयोजन सांगते. एकीवाचून दुसरी अपुरी आहे. नुसत्या प्रवेशाने गरिबाच्या हाती तयार उत्तरांची वहीच पडेल आणि नुसत्या स्वतंत्र विचाराच्या आदर्शाचा लाभ ज्यांच्याकडे आधीच सवड आहे त्यांनाच होईल. तेव्हाच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, हे ध्यानात घेतल्यास समाईकपणा गृहीत धरता येत नाही, तो घडवावा लागतो, हे स्पष्ट होते.

हार्वर्ड विद्यापीठाचा १९४५ चा अहवाल आणि १९४८-४९ चा राधाकृष्णन आयोग यांनी सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला, तो नंतर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीयतेचा आग्रह धरला आहे. त्याची परीक्षा करताना किती विषयांची सरमिसळ झाली हे मोजून भागणार नाही. पाठ्यसंहितेला स्वतःचा प्रश्न विचारू शकणारा वाचक त्यातून घडतो का, आणि तो समाजाच्या कोणत्या थरातून येतो, हे दोन्ही निकष एकाच वेळी लावावे लागतील.